यार्ड, गार्टन, गोर्ड, गृह: एका शब्दाचा माग काढायची रीत

पुण्याचं मार्केट यार्ड, जर्मनीतलं श्टुटगार्ट, डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्ड, नॉर्स पुराणकथांतलं असगार्ड आणि सर्बियाची राजधानी बेलग्रेड. ही नावं एका दमात घेतली तर गंमत वाटते, पण पाचांच्या पोटात एकाच कुळातला शब्द बसलेला आहे. इंग्रजीत तो 'यार्ड' आहे, जर्मनमध्ये 'गार्टन', स्वीडिशमध्ये 'गोर्ड'. एका भाषेत अंगण, दुसरीत बाग, तिसरीत शेतावरचं घर. शिवाय हे कुळ थेट आपल्या 'गृह'पर्यंत येऊन भिडतं.

जर्मन किंवा स्वीडिश शिकणाऱ्यांना, आणि नुसतंच शब्दांचं वेड असलेल्यांनाही, असा माग स्वतः काढता यावा म्हणून हा लेख. उदाहरण एकच घेतलंय आणि ते शेवटपर्यंत सोडलेलं नाही, कारण दहा शब्दांची वरवरची यादी वाचून हाताला काही लागत नाही. सगळ्या पायऱ्यांत पाळायचं पथ्य एकच: आधी ध्वनी जुळवायचे, अर्थ नंतर. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'इंग्रजीतले संस्कृत शब्द' छापाच्या याद्या नेमकं उलटं करतात. अर्थ जवळचा, आवाज साधारण सारखा, की झालं नातं पक्कं! त्यातले काही शब्द खरंच नात्यातले निघतात, पण ते नशिबाने.

एक सूचना. इथे सगळे शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जातील असे दिले आहेत. तुमच्या वहीत मात्र मूळ स्पेलिंग उतरवा. पुढे दिसेलच की निम्मा पुरावा स्पेलिंगमध्येच असतो.

पायरी पहिली: आजची रूपं जमवा, अर्थ वाक्यातून उचला

प्रत्येक भाषेला वहीत एक ओळ द्या. शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द लिहून मोकळं होऊ नका. तो शब्द लोक कशाला लावतात ते दोन-तीन वाक्यांत बघा.

इंग्रजी 'यार्ड' म्हणजे घराभोवतीचं किंवा इमारतीला लागून असलेलं आवार. अमेरिकेतलं 'बॅकयार्ड' म्हणजे आपलं परसू. कामाचं ठिकाणही यार्डच: रेल्वेचं यार्ड, जहाजबांधणीचं यार्ड, बाजार समितीचं मार्केट यार्ड. इथे फुलाचं एक रोपही असायची गरज नाही.

जर्मन 'गार्टन' म्हणजे बाग. पण 'बिअरगार्टन'मध्ये बाक, टेबलं आणि बिअरचे मग असतात, आणि 'टिअरगार्टन'मध्ये प्राणी. बर्लिनच्या मध्यावर आज जे टिअरगार्टन नावाचं मोठं उद्यान आहे, ते 16व्या शतकात राजघराण्याचं शिकारीचं रान होतं. जनावरं पळू नयेत म्हणून त्याला कुंपण घातलेलं होतं. हे कुंपण लक्षात ठेवा.

डचमध्ये 'गार्ड' (आ लांबवून) हा शब्द एकटा आला तर काव्यातला वाटतो. जोडशब्दांत मात्र तो ठणठणीत आहे: 'बोमगार्ड' म्हणजे झाडांचा गार्ड, फळबाग; 'वेनगार्ड' म्हणजे द्राक्षमळा. घरामागच्या साध्या बागेला डच माणूस वेगळाच शब्द वापरतो, 'टॉइन'. त्याच्याकडे नंतर येऊ.

स्वीडिश 'गोर्ड' म्हणजे घर, गोठा, कोठार आणि भोवतालचं आवार मिळून झालेलं शेतघर. शहरात त्याचाच अर्थ इमारतींच्या मधला चौक. बागेला स्वीडिश लोक 'ट्रेगोर्ड' म्हणतात, म्हणजे झाडांचा गोर्ड. डॅनिश आणि नॉर्वेजियन लोक शेवटचा ड गिळून 'गोर' म्हणतात आणि त्यांचाही मुख्य अर्थ शेतघरच. चर्चच्या गोरमध्ये दफन होतं, म्हणून डॅनिशमध्ये 'किर्केगोर' म्हणजे दफनभूमी. आइसलँडिक 'गार्दुर' मात्र दोन्ही हात धरून आहे: बागही गार्दुर आणि बांध किंवा भिंतही गार्दुर.

एवढ्यावर वहीत अंगण, बाग, शेतघर, चौक, दफनभूमी, भिंत एवढे अर्थ जमले. आत्ताच यातला 'मूळ' अर्थ कोणता, असा अंदाज बांधू नका.

पायरी दुसरी: जुन्यात जुनं लिखित रूप शोधा

आजचे शब्द हजार-दीड हजार वर्षं झिजलेले असतात. म्हणून प्रत्येक शाखेतला जुना साक्षीदार बोलवायचा. जर्मॅनिक भाषांसाठी (म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश वगैरेंच्या कुळासाठी) पहिली साक्ष जवळजवळ नेहमी गॉथिकची काढतात. चौथ्या शतकात वुल्फिला या बिशपने बायबलचं गॉथिकमध्ये भाषांतर केलं; त्याची जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या शाईने लिहिलेली सहाव्या शतकातली प्रत स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. गॉथिक भाषा केव्हाच संपली, पण जर्मॅनिक शाखेचा एवढा जुना सलग मजकूर दुसरा नाही.

त्या भाषांतरात 'गर्ड्स' म्हणजे घर. बाग नाही, अंगण नाही, सरळ घर. बागेला तिथे 'आउर्तिगर्ड्स' असा जोडशब्द आहे, द्राक्षमळ्याला 'विनागर्ड्स', आणि माणसं राहतात त्या जगाला 'मिद्युनगर्ड्स', मधलं आवार.

आता बाकीचे साक्षीदार. जुन्या इंग्रजीत 'येआर्ड' (लिहिताना सुरुवातीला जी), अर्थ कुंपण, आवार, राहतं घर. जुन्या उच्च जर्मनमध्ये 'गार्त' आणि 'गार्तो' अशी दोन रूपं. पहिलं कुंपणाने वेढलेली जागा, दुसरं बाग. आजचा 'गार्टन' दुसऱ्याचा वंशज आहे. जुन्या नॉर्समध्ये 'गार्द्र', म्हणजे कुंपण, भिंत, वेढलेलं आवार, शेतघर, आणि मोठ्या शहरांच्या नावातसुद्धा तोच.

जर्मन शब्दांसाठी 'डीडब्ल्यूडीएस' हे संकेतस्थळ फुकट उपलब्ध आहे. शब्द टाकला की खाली व्युत्पत्तीचा परिच्छेद येतो. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ आणि टॉलर यांचा कोश ऑनलाइन आहे. विक्शनरी दार उघडायला उत्तम, पण तिथेच मुक्काम ठोकू नका: तिथलं प्रत्येक रूप दुसऱ्या एका कोशात दिसलं तरच वहीत पक्क्या शाईने उतरवा.

पायरी तिसरी: ध्वनींचा हिशोब घाला

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक जण कंटाळतातही इथेच.

इंग्रजी 'यार्ड' य ने सुरू होतो, जर्मन 'गार्टन' ग ने. हा फरक याच एका शब्दापुरता आहे की सवयीचा, ते तपासायचं. इतर जोड्या घ्या: इंग्रजी 'यलो', जर्मन 'गेल्ब' (पिवळा). इंग्रजी 'यार्न', जर्मन 'गार्न' (सूत). इंग्रजी 'यस्टरडे', जर्मन 'गेस्टर्न' (काल). सवय दिसली. जुन्या इंग्रजीत ए-इ सारख्या पुढच्या स्वरांच्या शेजारी ग मऊ होऊन य झाला; लिहिणारे मात्र जुन्या सवयीने बराच काळ जीच लिहीत राहिले.

शेवटचा व्यंजन पाहा. इंग्रजी ड समोर जर्मन ट. 'डे' आणि 'टाग', 'डीप' आणि 'टीफ', 'डॉटर' आणि 'टोख्टर'. इथे बदल जर्मनने केला आहे. दक्षिणेकडच्या जर्मन बोलींत साधारण सहाव्या ते आठव्या शतकांत व्यंजनांची मोठी उलथापालथ झाली, त्यातला हा एक भाग. डच आणि स्वीडिश त्यापासून दूर राहिल्या, म्हणून त्यांच्याकडे ड शाबूत.

स्वीडिशमधला ओ हा मुळातला लांब आ. र-ड च्या आधी स्वर लांबला, मग गोल झाला. स्पेलिंगमध्ये त्याची खूण आहे: ए या अक्षरावर छोटं वर्तुळ. डॅनिशमध्ये हे अक्षर 1948च्या शुद्धलेखन सुधारणेत आलं. त्याआधी दोन ए लिहायचे. आडनावांनी जुनी पद्धत सोडली नाही. म्हणूनच आपण 'किर्केगार्ड' वाचतो आणि डॅनिश माणूस 'किर्केगोर'सारखं काहीतरी म्हणतो.

माझा नियम असा: एका ध्वनिबदलासाठी त्याच दोन भाषांतल्या किमान तीन स्वतंत्र जोड्या मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एका जोडीला योगायोग म्हणता येतं. दोन जोड्या वादात टिकत नाहीत.

हा हिशोब जमला की अभ्यासक एक पूर्वरूप बांधतात आणि त्याच्या डोक्यावर तारा देतात: *गर्दझ्. तारा म्हणजे हे रूप कुठे लिहिलेलं सापडलेलं नाही, लेकरांवरून आईचा चेहरा काढला आहे. नोंद करताना तारा गाळला की अंदाजाचं सत्य होतं, तेव्हा तो गाळू नका.

पायरी चौथी: घरचा शब्द कोणता, पाहुणा कोणता

इंग्रजीत हा शब्द एकदा नव्हे, तीनदा आला आहे.

'यार्ड' घरचा. जुन्या इंग्रजीपासून अखंड चालत आलेला.

'गार्थ' हा उत्तर इंग्लंडातला. व्हायकिंग लोक तिथे स्थायिक झाले तेव्हा त्यांच्या 'गार्द्र'चं हे रूप मागे राहिलं. मठाच्या ओवऱ्यांनी वेढलेल्या चौकाला आजही 'क्लॉइस्टर गार्थ' म्हणतात. सुरुवातीला य नसून ग आहे, म्हणजे हा शब्द इंग्रजीच्या ग-चा-य होण्याच्या प्रक्रियेतून गेलेलाच नाही. पाहुणा ओळखायची हीच खूण: त्याच्यावर यजमानाचे ध्वनिबदल उमटलेले नसतात.

'गार्डन' सर्वांत लांबचा फेरा घालून आला. फ्रँक नावाची जर्मॅनिक टोळी गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, उतरली, तिचा शब्द तिथल्या लॅटिन बोलणाऱ्यांनी घेतला. पॅरिसच्या बाजूला त्याचा 'जार्दँ' झाला. उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत ग तसाच राहून 'गार्दिन'. नॉर्मन लोकांनी 1066मध्ये इंग्लंड जिंकल्यावर हे दुसरं रूप इंग्रजीत शिरलं. स्पॅनिश 'हार्दिन' आणि पोर्तुगीज 'जार्दीं' फ्रेंचमार्गे गेले. पणजीच्या नगर उद्यानाचं पोर्तुगीज नाव 'जार्दीं गार्सिया द ऑर्ता', त्यातला पहिला शब्द हाच. म्हणजे दिसायला लॅटिन कुळातला, रक्ताने जर्मॅनिक, आणि मुक्काम गोव्यात.

'ऑर्चर्ड'सुद्धा याच घरातला: जुनं इंग्रजी 'ऑर्तयेआर्ड'. त्यातला 'ऑर्त' हा लॅटिन 'होर्तुस' म्हणजे बाग, असं बऱ्याच कोशांत दिलेलं असतं. तसं असेल तर ऑर्चर्ड म्हणजे बागेची बाग झाली.

पायरी पाचवी: तोतये बाहेर काढा

नऊवारी लुगडं नऊ यार्डांचं, आणि क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्डांची. हा मोजमापाचा यार्ड आणि मार्केट यार्डातला यार्ड, दोघांचं स्पेलिंग अक्षरशः एक. नातं शून्य. मोजमापाचा यार्ड जुन्या इंग्रजी 'यिर्द'मधून आला. अर्थ काठी, छडी. त्याचा जर्मन भाऊ 'गेर्टे', म्हणजे लवचीक छडी. आधी काठी, मग मोजायची काठी, मग काठीची लांबी. पायरी दुसरी नीट केली असेल तर इथे फसायला होत नाही, कारण जुन्या इंग्रजीत ही दोन्ही रूपं वेगवेगळी दिसतात.

दुसरा तोतया 'गार्ड', पहारेकरी. देवनागरीत 'गार्ड' आणि 'गार्डन' यांत एका 'न'चा फरक, आणि कुंपण-पहारा हे अर्थही शेजारचे. पण इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यात जी नंतर यू आहे. ती यू सांगते की मुळात इथे व होता: जर्मॅनिक व फ्रेंचमध्ये गेल्यावर ग्व आणि मग ग झाला. इंग्रजीत 'वॉर्डन' आणि 'गार्डियन', 'वॉरंटी' आणि 'गॅरंटी' अशा जोड्या त्यामुळेच आहेत. गार्ड हा 'वॉर्ड'चा नातेवाईक, यार्डचा नाही.

तिसरा तोतया नकाशावर सापडतो. यॉर्कशरमधलं 'एजगार्थ' हे गाव धबधब्यांसाठी प्रसिद्ध. शेवटी गार्थ दिसतो म्हणून कुणीही त्याला या यादीत घालेल. जुन्या नोंदी पाहिल्या तर त्यात ओकच्या झाडाचा शब्द आणि 'स्कार्द' म्हणजे खिंड असे दोन नॉर्स शब्द निघतात. मधला स आधीच्या शब्दाला चिकटला आणि मागे गार्थचा भास राहिला.

पायरी सहावी: कुंपणाबाहेर, संस्कृतपर्यंत

जर्मॅनिक भाषांमधला हिशोब पुरा झाला की मगच पलीकडच्या भाषांना हात घाला. घाई केली की व्हॉट्सॲपची यादी तयार होते.

संस्कृत 'गृह' आणि गॉथिक 'गर्ड्स'. दोन्हींचा अर्थ घर. मोह होतो, पण अर्थ अजून बाजूलाच ठेवा.

याकोब ग्रिमने 1822मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ भाषेतल्या (संस्कृत, ग्रीक, लॅटिन आणि जर्मॅनिक भाषांची जी समाईक पूर्वज मानतात तिच्यातल्या) घ, ध, भ यांचा जर्मॅनिकमध्ये ग, द, ब होतो. डॅनिश अभ्यासक रास्मुस रास्क याने त्यातलं बरंचसं 1818मध्येच दाखवलं होतं, पण नाव ग्रिमचं चिकटलं. म्हणजे गर्ड्सच्या ग समोर संस्कृतात घ हवा, आणि ड समोर ध (जर्मॅनिक शब्दांतले द आणि ड या हिशोबात एकच धरा). मिळतं काय? ग आणि ह. वरवर पाहता दोन्ही चुकले.

इथे हर्मान ग्रासमान मदतीला येतो. हा श्टेटिनमधला शाळामास्तर, मुळात गणितज्ञ. पुढे त्याने ऋग्वेदाचा कोशही केला. 1863मध्ये त्याने दाखवलं की संस्कृतात (आणि ग्रीकमध्ये) एकाच शब्दात लागोपाठ दोन महाप्राण (घ, ध, भ सारखी श्वास सोडून उच्चारायची व्यंजनं) आले तर पहिल्याचा श्वास जातो. आपल्या ओळखीचं उदाहरण 'बंध'. इंग्रजी 'ब्रदर'समोर 'भ्रातृ' येतो. त्या हिशोबाने 'बाइंड'समोर 'भंध' हवा. पुढे ध असल्यामुळे भ चा ब झाला. 'बांधणे' हे क्रियापद त्याच नियमाची खूण अंगावर वागवतं. तोच नियम लावला तर घ-ध चं ग-ध होतं.

राहिला ह. संस्कृतात ध चा ह झाल्याची उदाहरणं आहेत: 'धा' या धातूवरून 'धित' न होता 'हित' होतो, विहित आणि निहित तिथलेच. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातल्या 'गॅरॅद'ची (दुष्ट शक्तींचं बीळ) साक्षही दंत्य व्यंजनाच्या, म्हणजे द-ध च्या, बाजूने पडते. म्हणजे गृहच्या मागे 'घृध' असं काहीतरी, आणि हिशोब जुळला.

एवढं झाल्यावर लॅटिनकडे पाहावं तर खडा लागतो. 'होर्तुस' म्हणजे बाग, 'हॉर्टिकल्चर' त्यातलाच. ह ठीक आहे, लॅटिनमध्ये घ चा ह होतो. पण पुढे त आहे. र च्या पाठोपाठ आलेला मूळ ध लॅटिनमध्ये ब होतो: इंग्रजी 'वर्ड', लॅटिन 'वेर्बुम'. म्हणजे तो 'होर्बुस' व्हायला हवा होता. तेव्हा होर्तुसच्या मागे ध नव्हता, त होता. ग्रीक 'खोर्तोस'मध्येही त च आहे. मूळ धातू तोच, 'घेर' म्हणजे वेढणे, पण प्रत्यय निराळा. आणि पंचाईत अशी की जर्मॅनिक रूप दोन्हींतून निघू शकतं, कारण कार्ल व्हेर्नर याने 1877मध्ये सिद्ध केलं की आघात पुढच्या स्वरावर असेल तर मूळ त चाही जर्मॅनिकमध्ये द होतो. स्लाव्हिक आणि लिथुआनियन द दाखवतात, म्हणून बरेच जण गर्ड्सला गृहच्या पंगतीत बसवतात. वहीत दोन्ही शक्यता लिहा. एकच निवडून सुबक गोष्ट सांगण्याचा मोह आवरा.

आणि आपलं 'घर'? पाली आणि प्राकृतातही ते 'घर'च आहे. गृहमधला ह चा श्वास मागे सरकून ग ला चिकटला आणि घर झालं, असं एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे घर वेगळ्याच धातूचं, 'घर्म' म्हणजे उष्णता ज्यातून येतं त्या, म्हणजे चुलीच्या बाजूचं. टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तुलनात्मक कोश (1966) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर खुला आहे, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोशही तिथेच आहे. मराठी शब्दाला हात घालण्याआधी दोन्ही उघडा. तोवर 'यार्ड आणि गृह नात्यातले' एवढं छातीठोक म्हणा, 'यार्ड आणि घर' म्हणताना आवाज जरा खाली आणा.

पायरी सातवी: आता अर्थ

ध्वनी जुळले, आता अर्थांची साखळी लावायची. अंगण, बाग, शेतघर, घर, चौक, शहर: यांतला एक अर्थ दुसऱ्याचा बाप मानण्याऐवजी, या सगळ्यांना लागू पडेल अशी एक गोष्ट शोधा. इथे ती कुंपण आहे. वेढलं की ते आवार. आत राहिलात तर घर, पेरलंत तर बाग, गुरं बांधलीत तर शेतघर, तटबंदी मोठी केलीत तर शहर. अल्बेनियन भाषेत 'गार्ध' म्हणजे आजही कुंपणच. लिथुआनियन 'गार्दास' म्हणजे जनावरांचा कोंडवाडा. रशियन 'गोरद' म्हणजे शहर, पण त्याला उपसर्ग लावून झालेला 'अगारोद' म्हणजे परसातला भाजीचा वाफा. चेक भाषेत 'ह्राद' म्हणजे किल्ला.

पुराणकथासुद्धा साक्ष देतात. 13व्या शतकात आइसलँडच्या स्नोरीने नोंदवलेल्या कथेत देवांनी यमीर या आदिराक्षसाच्या पापण्यांचं कुंपण घालून माणसांसाठी जागा राखली, राक्षस बाहेर राहावेत म्हणून. त्या जागेचं नाव 'मिदगार्द'. सांगणाऱ्याच्या कानाला गार्द म्हणजे कुंपण हे अजून स्वच्छ ऐकू येत होतं.

अर्थाची साखळी खरी की मनाने रचलेली, हे पाहायला दुसऱ्या एखाद्या शब्दाने तोच रस्ता धरलाय का ते बघावं. जर्मॅनिकमध्येच असा एक आहे. जर्मन 'त्साउन' म्हणजे कुंपण, डच 'टॉइन' म्हणजे बाग, इंग्रजी 'टाउन' म्हणजे शहर, आइसलँडिक 'टून' म्हणजे घराजवळचं गवताचं शेत. चारही एकच शब्द.

तिसरा पुरावा आपल्या दारात आहे. संस्कृत 'वाट' म्हणजे कुंपण, वेढलेली जागा (रस्ता या अर्थाची वाट वेगळी). त्यातून कोकणातली नारळी-पोफळीची वाडी निघाली, चार घरांची वस्ती असलेली वाडी निघाली, गुरांचा वाडा निघाला, शनिवारवाडा निघाला, गोव्यातला वाडो निघाला. गार्दने उत्तर युरोपात जे केलं ते वाटने सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना केलं, आणि दोघांची गाठभेट कधीच झालेली नाही. समांतर पुरावा म्हणतात तो हा.

जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्र्योबेलने 1840मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग इथल्या आपल्या संस्थेला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं, मुलांची बाग. ताराबाई मोडक यांच्या कामातून 1945मध्ये बोर्डीला बालवाडी उभी राहिली, आणि 1975पासून सरकारी योजनेत 'अंगणवाडी' आली, जिच्यात यार्डही आहे आणि गार्टनही. पण इथे थांबा. घडण सारखी आहे म्हणून एका नावाने दुसऱ्याचं भाषांतर केलं, असं वहीत लिहायचं नाही. त्यासाठी नाव देणाऱ्याच्या हातचा कागद लागतो.

पायरी आठवी: नावं शेवटी, आणि जपून

गावांची आणि माणसांची नावं सर्वांत रंजक, म्हणून सर्वांत धोक्याची. एजगार्थ पाहिलंच. नियम सोपा आहे: नावाचं आजचं रूप पुरावा नाही, जुनी नोंद पुरावा.

श्टुटगार्ट त्या कसोटीला उतरतं. पहिला भाग घोड्यांच्या पैदाशीचा. दहाव्या शतकात तिथे घोड्यांचं आवार होतं, आणि शहराच्या चिन्हावर आजही उधळलेला घोडा आहे. नोव्गोरोद म्हणजे नवं शहर, बेलग्रेड म्हणजे पांढरं शहर. हे स्लाव्हिक बाजूचे भाऊबंद. कॉन्स्टँटिनोपलला व्हायकिंग 'मिक्लागार्द' म्हणत, महानगर.

किर्केगार्डचं आडनाव मात्र शब्दकोश हातात घेऊन वाचलं तर फसवतं. आजच्या डॅनिशप्रमाणे त्याचा अर्थ दफनभूमी होतो, आणि या विषण्ण तत्त्वज्ञाला ते शोभतंही, म्हणून पुष्कळ लेखांत तसं रंगवलेलं दिसतं. त्याच्या वडिलांचं घराणं युटलंडमधल्या सेदिंग गावचं. तिथे चर्चच्या जमिनीवरच्या शेतघरात ते राहत, आणि त्या शेतघराचं नाव किर्केगार्ड. म्हणजे इथला गोर हा शेतघर या अर्थाचा. नॉर्वे-डेन्मार्कमध्ये शेतघराचं नाव आडनाव म्हणून लागणं सर्रास चालायचं. 'न्यूगोर' म्हणजे नवं शेतघर; आपल्याकडच्या 'नवघर'सारखंच.

नोंद कशी लिहाल

एका शब्दाला एक पान पुरतं. वर तारांकित पूर्वरूप. खाली शाखांप्रमाणे जुनी रूपं, प्रत्येकापुढे शतक आणि त्या काळचा अर्थ. मग आजची रूपं. उसने शब्द वेगळ्या रंगात, बाणाने कुठून कुठे ते दाखवून. समासात तोतये, कारणासह. सहा महिन्यांनी तोच मोह पुन्हा होतो, तेव्हा हे कारण उपयोगी पडतं. बाहेरच्या भाषांतल्या नात्यांपुढे तीनपैकी एक खूण करा: पक्कं, बहुधा, वादग्रस्त. या पानावर 'गृह' पक्क्यात जाईल, 'होर्तुस' बहुधामध्ये, 'घर' वादग्रस्तमध्ये.

सरावाला पुढचा शब्द हवा असेल तर इंग्रजी 'डिअर' (हरिण) आणि जर्मन 'टिअर' (प्राणी) घ्या. ड-ट चा हिशोब वर झालाच आहे. डचमध्ये आणि स्वीडिशमध्ये याच शब्दाचा अर्थ काय ते पाहा, मग जुन्या इंग्रजीत हा शब्द फक्त हरणाला लावत होते का ते शोधा. तोतया म्हणून इंग्रजीतला दुसरा 'डिअर', प्रिय या अर्थाचा, शेजारीच उभा असेल. त्याचा जर्मन जोडीदार 'टॉयर' आहे.